किरणखोलीतले जावईबापू

मित्रांनो, मागच्या वर्षी एका मंगळवारी, चहाची वेळ टळून गेल्यावर, मी मेलो. माझ्यासोबत एक मॅडमही मेल्या. आम्ही दोघं तळघरात होतो आणि बाकीचे सगळे बाहेर मैदानात टाळ्या वाजवत होते.

आता हे विसरून जा. असं काही घडलेलं नाही. त्या दिवशी सगळे सुखरूप बाहेर पडले असं वर कळवण्यात आलं आहे, आणि वर एकदा कळवलं की ते तसंच घडलेलं असतं. मी आपला रीतसर जन्मापासून सुरुवात करतो.

मी एक जुना पुतळा आहे. चौकात उभा असतो तसला नाही. मला घोडा नाही, हातात तलवार नाही. तलवारीचं सोडा, हातच नाहीत. मी म्हणजे एक डोकं, एक मान आणि कमरेपर्यंतचं धड. किरणोत्सर्ग माणसाच्या अंगात शिरला की कुठल्या अवयवापर्यंत किती पोचतो, हे मोजण्यासाठी मला बनवलं. असा प्रयोग खऱ्या माणसावर करता येत नाही, कारण माणूस नको म्हणतो. मी काहीच म्हणत नाही. माझी निवड याच गुणावर झाली.

ज्या कारखान्यात मी घडलो तिथल्या कारागिराने माझं मांस राळेसारख्या पदार्थातून ओतलं, खऱ्या मांसाइतकंच घट्ट. फुप्फुसं हलकी ठेवली, हाडं जड ठेवली. नाक इतकं सुरेख काढलं की तो स्वतः दोन पावलं मागे सरकून बघत राहिला. आणि एवढं सगळं झाल्यावर त्याने मला पावासारखं आडवं कापलं. डोक्यापासून कमरेपर्यंत चकत्याच चकत्या. प्रत्येक चकतीला बारीक भोकं पाडली. त्या भोकांत तिळाएवढे मोजणीचे मणी ठेवायचे, चकत्या पुन्हा एकावर एक रचायच्या, मला किरणांसमोर बसवायचं, आणि मग मणी काढून बघायचं की यकृतात किती गेलं, फुप्फुसात किती गेलं. कारागिराच्या बायकोने एकदा विचारलं, "याला हातपाय का नाही दिलेत हो?" तो म्हणाला, "किरणांना हातापायांत फारसा रस नसतो." त्यानंतर मलाही राहिला नाही.

तिथून मला एका सरकारी संशोधन केंद्रात आणलं. चौघांनी उचललं, गादीवर ठेवलं, पंखा लावला, आणि इकडे बसवू की तिकडे बसवू यावर बराच खल झाला. मी या सगळ्यात काडीचीही मदत केली नाही. तेव्हा कोणीतरी म्हणालं, "अगदी जावईबापू आलेत." ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

माझ्या उमेदीच्या वर्षांत मी पुष्कळ काम केलं. म्हणजे बसलो. मला समोरून किरणं दिली, पाठीमागून दिली, कुशीवरून दिली. शाळेची मुलं केंद्र बघायला आली की हमखास विचारायची, याला दुखतं का. दुखत नाही, मित्रांनो. मला काहीच होत नाही. माझ्या मण्यांवरून जे आकडे निघाले, त्यांवरून संकटकाळचे नियम ठरले: गळती झाली तर आत किती वेळ थांबता येईल, कोणाला आधी बाहेर काढायचं, कोणाला औषध द्यायचं. त्या नियमांच्या जाड पुस्तकात पहिल्याच पानावर माझा फोटो आहे. त्यात मी छान दिसतो, पण खुशीत दिसत नाही. मी कशातच काही दिसत नाही.

मग संगणकातला पुतळा आला. त्याला हातपाय होते. त्याला उचलावं लागत नव्हतं. बटण दाबलं की तो म्हातारा व्हायचा, पुन्हा दाबलं की बाळ. मोठे मोठे शास्त्रज्ञ तिकडे गेले आणि मी तळघरातल्या किरणखोलीत राहिलो. माझ्या खांद्यावर लोक छत्र्या अडकवू लागले. माझ्याकडे येत राहिल्या त्या एकट्या मॅडम.

मॅडम म्हणजे या मापनाच्या तज्ज्ञ. बारीक चणीच्या, बोलायला तुटक. "संगणकाला विचारलं की तो आपल्याच बाजूने बोलतो," असं म्हणायच्या आणि माझ्या चकत्या उलगडून बसायच्या. एकेक मणी चिमट्याने उचलून भोकात ठेवायचा, हे त्यांचं काम. ते करताना अ‍ॅप्रनच्या बाह्या आड येतात म्हणून त्या अ‍ॅप्रन काढून बाहेरच्या खिळ्याला अडकवत. त्या अ‍ॅप्रनला त्यांचा बिल्ला असे.

हा बिल्ला काय ते सांगितलं पाहिजे. केंद्रातल्या प्रत्येक माणसाच्या छातीवर काडेपेटीएवढा एक बिल्ला असतो. त्या माणसाला किती किरणं लागली ते त्याच्यात साठतं. बिल्ल्याशिवाय आत फिरायचं नाही, असा कडक नियम. मॅडम हा नियम दिवसातून निदान एकदा मोडत, आणि तो मोडला की त्यांच्यामागे बिल्ला घेऊन धावायचं काम मोजणीसाहेबांचं.

मोजणीसाहेब म्हणजे केंद्राचे सुरक्षा अधिकारी. आणि मॅडमचे नवरे. त्यांना सगळं मोजायची सवय. जिना चढताना पायऱ्या मोजत, दोरीवरचे कपडे मोजत, मॅडमच्या माहेरी कार्य असलं की पंगतीतली माणसं मोजायला यांनाच उभं करत. चारचौघांत ते बायकोला "मॅडम" म्हणत आणि ती त्यांना "साहेब" म्हणे. दुपारी दोघं किरणखोलीच्या दाराबाहेरच्या बाकावर डबा उघडत, कारण खोलीत खायला बंदी होती. दार उघडं असे, म्हणून मला सगळं ऐकू येई. तिथे "अगं" आणि "अरे" चाले.

"अगं, बिल्ला कुठाय तुझा?"

"असेल कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे?"

"तुझ्या खिशात. सकाळीच घेऊन गेलास ना."

तो खरंच त्यांच्या खिशात असे.

साहेबांचं केंद्रात नाव होतं ते त्यांच्या फळ्यामुळे. पूर्वी संकटाचा सराव झाला की सगळे मैदानात जमत आणि हेडक्लार्क नावं पुकारत. त्यात कोणी हजर असून बोलायचं नाही, कोणी दुसऱ्याच्या नावाला ओ द्यायचं, आणि खरं संकट असतं तर नावं संपेपर्यंत ते आटोपून घरी गेलं असतं. साहेबांनी त्यावर तोड काढली. मैदानात खुंट्यांचा एक मोठा फळा. भोंगा झाला की बाहेर यायचं आणि आपला बिल्ला आपल्या खुंटीला लावायचा. सगळ्या खुंट्या भरल्या की सगळे बाहेर. एका नजरेत मोजणी. संचालकांना हा फळा इतका आवडला की तो सगळ्या केंद्रांना नमुना म्हणून पाठवायचं ठरलं. फक्त एक सराव वरच्या पाहुण्यांसमोर यशस्वी करून दाखवायचा होता.

तोच तो मंगळवार.

त्या सरावात जखमी माणसाचं काम खरं तर माझं होतं, पण मी जड. म्हणून माझ्या जागी भांडारातला एक कारकून नेमला. त्याला स्ट्रेचरवर आडवं पडायचं होतं आणि त्याने ते काम फार मनापासून केलं. मी आणि मॅडम खाली आमच्या कामात होतो. किरणखोलीच्या भिंती इतक्या जाड की भोंगा आत येता येता थकतो. खोलीतली घंटा दुरुस्तीला गेली होती आणि परत यायची तिला घाई नव्हती.

भोंगा झाला. साहेब शेवटची फेरी मारत तळघरात उतरले. बाहेरच्या खिळ्याला अ‍ॅप्रन, अ‍ॅप्रनला बिल्ला. बायको नेहमीप्रमाणे बिल्ला विसरून वर गेली, असं त्यांना वाटलं. आता मैदानात तिची एकटीची खुंटी रिकामी राहणार, पाहुण्यांसमोर तिला बोलणी बसणार. म्हणून त्यांनी बिल्ला काढून घेतला, धावत वर नेला आणि स्वतःच्या हाताने तिच्या खुंटीला लावला. किरणखोलीच्या दाराला त्यांनी हात लावला नाही. गरजच नव्हती. बिल्ला मिळाला होता.

हे त्यांनी प्रेमाने केलं, मित्रांनो. तेवढं लक्षात ठेवा.

खुंट्या भरल्या. सगळे सुखरूप असं जाहीर झालं. आणि आम्ही आत होतो. त्या सरावात असं धरलं होतं की इमारतीत जोरदार गळती झाली आहे आणि थोडा वेळ जरी आत राहिलात तरी खेळ खलास. तो थोडा वेळ आम्ही तिसऱ्या बरगडीचे मणी लावण्यात घालवला.

मणी संपल्यावर मॅडम पाणी प्यायला बाहेर आल्या. खिळ्याला अ‍ॅप्रन होता, बिल्ला नव्हता. वर गेल्या आणि लगेच परत आल्या. वर कोणी नव्हतं, असं त्यांच्या चालीवरून मला कळलं. त्यांनी मला ढकलगाडीवर चढवलं. एकट्या बाईने मला कसं चढवलं ते मला अजून कळलेलं नाही, पण चढवलं. मग आम्ही मालाच्या लिफ्टने वर आलो आणि लांबलचक व्हरांड्यातून निघालो. सगळी दारं उघडी. टेबलांवर अर्धे प्यालेले चहा. एक फोन वाजून वाजून थांबला. ढकलगाडीचं एक चाक कुरकुरत होतं, तेवढंच.

मैदानात आलो तेव्हा सगळ्यांची पाठ आमच्याकडे होती. संचालकांचं भाषण संपत आलं होतं. "एकही माणूस मागे राहिला नाही," ते म्हणाले, आणि टाळ्या झाल्या. मॅडम गर्दीच्या मागे उभ्या राहिल्या. मग त्यांनीही टाळ्या वाजवल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. सगळे वाजवत होते, त्यांनीही वाजवल्या. माझ्याकडून ते झालं नाही.

दुसऱ्या दिवशी बाकावर डबे उघडले गेले.

"त्याला का घेऊन आलीस?" साहेबांनी विचारलं.

"कोणीतरी कोणालातरी घेऊन यायला हवं होतं."

"अगं, मला वाटलं तू वर गेलीस."

"माहितीये."

"ड्रिल होतं गं ते."

"म्हणून तर सांगायला बसलेय. खरं असतं तर सांगायला उरले नसते."

साहेबांनी डब्याचं झाकण लावलं आणि पुन्हा उघडलं. मॅडम सावकाश जेवत होत्या. आदल्या दिवसापासून त्यांचं सगळंच सावकाश चाललं होतं, जणू काही अंगाला कुठे काही लागत नव्हतं. मला ते ओळखीचं वाटलं. माझंही तसंच असतं.

"किरणांचा नवीन स्रोत येतोय पुढच्या महिन्यात," त्या म्हणाल्या. "याच खोलीत. आत्ताचा त्याच्यापुढे काहीच नाही. मी असेन आणि माझ्या हाताखाली येणाऱ्या त्या दोन नव्या पोरी असतील. भोंगा झाला की कोणीतरी खाली येऊन हे दार उघडायचं, आत बघायचं. बिल्ला नाही, माणूस बघायचा. एवढंच हवंय मला. तू वर सांग की मी आत राहिले होते."

"सांगितलं तर फळा गेला."

"जाऊ दे."

"सगळ्या केंद्रांना जाणार आहे तो."

"म्हणूनच सांग."

साहेब डबा आवरू लागले. मूग गिळून बसणं म्हणजे काय ते मी तेव्हा जवळून पाहिलं. शेवटी मॅडमनी स्वतःच वर सांगितलं. मग संचालक आणि आस्थापनेचे हेडक्लार्क चौकशीसाठी थेट किरणखोलीत आले. साहेबही आले. त्या छोट्या खोलीत सगळ्यांत चांगली खुर्ची माझ्याखाली होती, म्हणून बाकीचे उभे राहिले.

"मॅडम, तुम्ही आत होतात असं तुमचं म्हणणं," संचालक म्हणाले. ते वाईट नव्हते. आवाज कधी चढवत नसत. "पण मोजणीत तुम्ही बाहेर आहात."

"मोजणीत माझा बिल्ला बाहेर होता."

"बरं. आत्ता तुम्ही कुठे आहात?"

"इथे."

"म्हणजे सुखरूप."

"सर, खरी गळती असती तर मी मेले असते."

"खरी नव्हती ना पण."

"मेले असं धरा, असं म्हणतेय मी. सरावात सगळं धरायचंच असतं. तुम्ही गळती धरलीत. तो भांडारातला जखमी धरलात. मग मला मेलेली धरायला काय हरकत आहे?"

इथे हेडक्लार्क पुढे झाले. "अडचण आहे, मॅडम. तुम्हाला मृत धरलं तर तेवढ्या वेळाची हजेरी कशी लावायची? मृत माणूस कामावर होता असं लिहिता येत नाही. आणि ती रजा धरली तर आधी अर्ज हवा होता."

"मरायच्या आधी?"

"शक्यतो."

संचालकांनी रुमालाने चष्मा पुसला. "हे बघा, तुम्ही आमच्या मोलाच्या शास्त्रज्ञ आहात. तुम्हाला मृत दाखवणं मला योग्य वाटत नाही. घरच्यांना काय वाटेल?"

"घरचे इथेच उभे आहेत," मॅडम म्हणाल्या.

सगळ्यांनी मोजणीसाहेबांकडे पाहिलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं की लोकांना बरं वाटतं, कारण मी उलट पाहत नाही.

"एक जण आत राहिला होता, साहेब," मोजणीसाहेब म्हणाले. "मोजणीत तेवढी चूक झाली. हा राहिला होता. जावईबापू."

संचालकांचा जीव भांड्यात पडला. "पुतळा ना? मग तसं सांगा की. पुतळा राहू शकतो."

"महागडी वस्तू आहे," हेडक्लार्क म्हणाले. "राहायला नको होती."

"मग पुढच्या वेळी कोणीतरी खाली जाऊन त्याला घेऊन या."

"पुढच्या वेळी नाही, साहेब. दर वेळी," मोजणीसाहेब घाईघाईने म्हणाले. "भोंगा झाला की एकाने खाली यायचं, हे दार उघडायचं, आत शिरायचं, डोळ्यांनी बघायचं, मगच वर जायचं. तसा नियमच करा."

"करून टाका."

"आणि दार उघडल्याशिवाय सगळे सुखरूप असं जाहीर करायचं नाही."

"अहो, करा म्हटलं ना. पुतळ्यासाठी एवढं काय."

सगळे गेल्यावर मॅडम माझ्यासमोर स्टुलावर बसल्या. साहेब दाराच्या चौकटीत उभे होते.

"तू मला वाचवलंस की त्याला?"

"दार एकच आहे गं."

"हो. पण नियमात नाव त्याचं आहे."

मॅडमनी चिमटा घेतला आणि माझ्या मानेतले मणी काढायला लागल्या. त्यांचा हात स्थिर होता. रागावल्या असत्या तर थोडा हलला असता.

अशा रीतीने, मित्रांनो, मी मेलो, तेही परत आल्यानंतर. मॅडम मेल्या नाहीत. फळा थाटामाटात सगळ्या केंद्रांना गेला. पुढचा सराव झाला तेव्हा दोन धट्टेकट्टे जवान तळघरात उतरले, दार उघडलं आणि म्हणाले, "मॅडम, जरा बाजूला व्हा, जावईबापूंना न्यायचंय." मॅडम बाजूला झाल्या. जवानांनी मला उचललं. दोन्ही नव्या पोरींनी दार धरलं आणि माझ्यामागून तिघीही चालत बाहेर आल्या. मैदानात साहेब फळ्यापाशी उभे होते. खुंट्या सगळ्या भरलेल्या होत्या, तरी ते दाराकडे बघत होते. आम्ही बाहेर आलो तसे त्यांचे ओठ हलले. मला वाटतं ते आम्हाला मोजत होते, एकेकाला. त्यांनी मॅडमशी नजर मिळवायचा प्रयत्न केला. मॅडमनी मिळवली, पण त्यात काही नव्हतं. आता दोघं पुन्हा रोज बाकावर जेवतात. हवापाण्याचं बोलतात.

नवा स्रोत आला आहे. तो शिशाच्या पेटीत राहतो आणि माझ्यापेक्षा जास्त जड आहे. तिघी त्याच्याजवळ काम करतात. इथपर्यंत सगळं ठीक आहे.

पण मी म्हातारा झालो आहे. इतकी वर्षं किरणं खाऊन माझी राळ पिवळी पडली, आणि छातीच्या दोन चकत्यांना तडे गेले. भांडाराने मला वर्षअखेरीस निर्लेखित करायचं ठरवलं आहे. निर्लेखित करणं म्हणजे पूर्वी असलेली वस्तू आता नाही असं सगळ्यांनी मिळून मान्य करणं. त्याचं मला काही वाटत नाही. वाटायला मला काही दिलेलंच नाही. मात्र मोजणीसाहेब संचालकांकडे गेले होते. पुतळा गेला तरी दार उघडायचा नियम राहू द्या, असं म्हणाले. संचालकांनी शांतपणे विचारलं, "आत पुतळाच नसेल तर दार उघडून बघायचं काय?" साहेबांना उत्तर माहीत होतं. ते त्यांनी एकदा गिळलं होतं. आता वर आणायचं तर तेव्हा खोटं बोललो हेही सांगावं लागणार होतं. ते बाकावर येऊन बसले आणि हे सगळं मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "बरं." आणि डबा उघडला.

मित्रांनो, माझ्यासारख्याने शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागायचं असतं. वस्तू जपा, असं सांगायचं असतं. मी ते सांगणार नाही. आमच्याकडे वस्तू फार छान जपतात. तुम्ही मोठे होऊन कुठे दारं मोजायला, खुंट्या मोजायला लागलात, तर एकदा आत डोकावून बघा. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. बाकीचं मागणं कार्यालयाकडे आहे, आणि ते त्यांना कळेल अशा भाषेत मांडतो:

सविनय सादर. अधोस्वाक्षरित पुतळा, ज्यास स्वाक्षरी करता येत नाही, वर्षअखेरीस निर्लेखित होत असल्याने किरणखोलीतील पुतळ्याची जागा रिक्त होत आहे. तरी सदर जागी मॅडम व त्यांच्या दोन्ही सहकारी यांची पुतळा म्हणून नोंद घेण्यात यावी, जेणेकरून भोंगा झाल्यावर प्रचलित नियमानुसार त्यांच्यासाठी दार उघडले जाईल. त्या जिवंत आहेत ही बाब या कामी आड येऊ देऊ नये, ही विनंती.